चार नंबरची पट्टी

आमच्या जबलपुरात बारावीनंतर पोरगं वर्षभर घरी राहिलं की "ड्रॉप घेतला" म्हणतात, आणि ड्रॉप घेतला म्हणजे कोचिंग लावलं, एवढाच त्याचा अर्थ. मी बासष्टाव्या वर्षी ड्रॉप घेतला आणि जंगलात गेले, तर कॉलनीत पंधरा दिवस दुसरा विषयच नव्हता.

तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. विषुववृत्तीय वर्षावनं हा धडा दर वर्षी यायचा. फळ्यावर रंगीत खडूंनी झाडांचे थर काढायचे: सगळ्यात वर उंच झाडं, त्याखाली पानांचं दाट छत, त्याखाली झुडपं, अगदी खाली ओला अंधार. पोरं वहीत उतरवून घ्यायची. एका वर्षी पहिल्या बाकावरच्या पोरीनं विचारलं, "मैम, आपने देखा है?" मी म्हटलं, "बैठ जाओ." रिटायर झाल्यावर सगळ्यात आधी तेच आठवलं. अहो, तीस वर्षं मी न पाहिलेलं शिकवत होते, आणि वरून त्याचे मार्कही कापत होते!

मग कोणीतरी मोबाइलवर एका संस्थेची जाहिरात पाठवली. शिक्षणातून एक वर्ष सुट्टी घेतलेल्या मुलामुलींना ते अरुणाचलच्या पायथ्याच्या वर्षावनात तीन महिने नेणार होते, धनेश पक्ष्याच्या घरट्यांवर नजर ठेवायला. त्याआधी सहा आठवडे ट्रेनिंग, आमच्याच जिल्ह्यात, कुंडमकडच्या जंगलात. फॉर्मवर लिहिलेलं, वय अठरा पूर्ण. मी फोन लावला आणि विचारलं, वरची मर्यादा किती? पलीकडच्या माणसानं फॉर्म उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "जी, ऊपर की तो लिखी नहीं है." तर मग झालं!

फॉर्म पाठवला आणि उत्तर यायच्या आधीच मी बूट घेऊन आले. आमचे हे फॅक्टरीतून रिटायर झालेले, पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." मी म्हटलं, "नवरी म्हणा." मग त्यांना धनेशाचं सगळं सांगितलं. मादी झाडाच्या ढोलीत शिरते, दार लिंपून घेते, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरून फटीतून फळं भरवतो. हे ऐकून त्यांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे ती घरात बसणार आणि हा रोज डबा आणणार. अन् ते बघायला तू माझा डबा बंद करून चालली?" तरी जायच्या दिवशी स्कूटरवर वळकटी बांधून तेच मला बसपर्यंत सोडायला आले आणि बस सुटेपर्यंत उभे राहिले.

आम्ही बारा जण होतो. अकरा जण अठरा ते एकवीसचे, आणि मी. अरुणाचलला जागा आठ. सहा आठवड्यांनी मार्क आणि वागणं बघून यादी लागणार होती.

जोडीदार म्हणून मला एकोणीस वर्षांची मुलगी मिळाली. जबलपूरचीच, मराठी घरातली, वडील फॅक्टरीत. मराठी सगळं समजायचं तिला, पण मी मराठीत विचारलं की ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि चुकून मराठी बोललीच तर थेट आमच्या घरासारखं, "काकू, तुम्ही इतक्या पहाटे काहून उठून राहिल्या?" वडिलांनी तिला अगदी कबूल करून घेऊन पाठवलं होतं. यादीत नाव आलं तर वर्ष तुझं. नाही आलं तर दुसऱ्या दिवशी कोचिंगच्या होस्टेलवर, डॉक्टर होईपर्यंत पुन्हा जंगलाचं नाव काढायचं नाही. तिला डॉक्टर व्हायचं नव्हतं. तिला पक्षी बघायचे होते. माझं नाव नाही आलं तर मी रडले असते आणि चार दिवसांनी भाजी आणायला निघाले असते. तिचं तसं नव्हतं, आणि हे मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं.

ट्रेनिंग म्हणजे नुसती मजा होती. जंगल सालाच्या झाडांचं, थंडीचे दिवस, पानं पापडासारखी वाजणारी, आणि त्यात आम्हाला शिकवायचं होतं मुसळधार पावसाचं वर्षावन. आमची कोऑर्डिनेटर तिशीची, दक्षिणेतली, हिंदी तोडकं-मोडकं बोलायची पण डोळा घारीचा. ती म्हणायची, "समझो, बारिश हो रहा है." आणि समजायला सोपं जावं म्हणून एकानं वहीत लिहायचं आणि दुसऱ्यानं त्याच्या डोक्यावर मगानं पाणी ओतत राहायचं! माझ्या जोडीदारणीनं तर पहिल्याच दिवशी माझ्यासारख्या कुडकुडणाऱ्या बाईवर आख्खी बादली रिकामी केली, "सॉरी काकू, सॉरी काकू" म्हणत आणि खिदळत. शाई ओल्या कागदावर पसरते, पेन्सिल टिकते, हे मला त्या दिवशी कायमचं समजलं.

पेन्सिल होती, पण रबर नव्हतं. तो नियमच होता. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला बरोबर लिहायचं. दुसरा नियम शून्याचा. जागेवर गेलात, नीट पाहिलंत आणि काही नव्हतं, तर शून्य. गेलाच नाहीत, किंवा पाहिलंच नाहीत, तर शून्य लिहायचं नाही. "नहीं देखा" असं लिहायचं, आणि का नाही पाहिलं तेही. कोऑर्डिनेटर हे इतक्यांदा सांगायची की पोरं जेवतानाही म्हणायला लागली, "भाजी में आलू शून्य."

जनावरांच्या पायांचे ठसे ओळखायला जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर धुळीच्या सहा पट्ट्या केल्या होत्या. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत चाळलेली बारीक धूळ. प्रत्येक जोडीची एक पट्टी. संध्याकाळी झाडून गुळगुळीत करायची, रात्रीतून जे कोणी चालून जाईल ते धुळीवर उमटतं, सकाळी वाचायचं, टेपनं मोजायचं, वहीत लिहायचं. चार नंबरची पट्टी आमची. शिकवायला एक रिटायर्ड वनरक्षक होते, गोंड, पासष्टीचे, त्यांना सगळे दादा म्हणायचे. मला ते बहनजी म्हणत. माझं झाडणं बघून खूश असत. "बहनजी की पट्टी पर तो चींटी भी दस्तखत करके जाती है," असं त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, तेव्हा मला आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाल्यासारखं झालं. का नाही होणार? आमच्या घरी शिस्तच होती. सकाळी उठलं की आधी दारासमोर झाडू, मग चहा. आई करायची, मी चाळीस वर्षं करते आहे. हात आपोआप चालतो.

आणि तोच चालला.

चौथ्या आठवड्यातली सकाळ. आम्ही दोघी पट्टीवर पोचलो आणि पोरगी म्हणाली, "टेप राहिला काकू, आणते," आणि पळत मागे गेली. मी एकटी उभी. थंडी मी म्हणत होती. पट्टीवर सालाची चार-पाच वाळकी पानं पडलेली. बाजूला झाडाला संध्याकाळचा खराटा टेकवलेला. बस. त्या पानांकडे बघवेना मला. एक पान बाजूला केलं, दुसरं केलं, आणि मग काय, वाकून मस्त लयीत निघाले, तोंडानं काहीतरी गुणगुणतही होते. दुसऱ्या कडेला पोचले, कंबर सरळ केली, मागे वळून बघितलं, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाई गं! सकाळ होती, संध्याकाळ नव्हती! रात्रभराचं सगळं झाडून मोकळी झाले होते मी.

अगदी कोपऱ्यात, गवताला लागून, अर्धा ठसा राहिला होता. तळव्याचा गोळा आणि दोन बोटं. कुत्र्याचा असेल, मी स्वतःला सांगितलं. कॅम्पवर कुत्रा नव्हता.

पोरगी टेप घेऊन आली. स्वच्छ पट्टी बघून तिचा चेहरा पडला. "काकू, हे काय केलं तुम्ही?" मी सांगितलं. तिनं मागे रस्त्यावर कोणी नाही ना बघितलं आणि हळूच म्हणाली, "शून्य लिहून टाका ना. कोणाला समजून राहिलं? जोडी के मार्क्स एक साथ कटते हैं काकू, मेरे भी कटेंगे."

मी तीस वर्षं कॉपी पकडलेली बाई. बाहीतली, मोज्यातली, कंपासपेटीच्या झाकणाखालची. माझ्या नावानं पोरं कापायची. त्या मी वही घेतली आणि शून्य लिहिलं. सांगायला लाज वाटते, पण अगदी सहज लिहिलं. चांगलं गोल काढलं.

संध्याकाळी उन्हं असतानाच, आम्ही राहत होतो त्या रेस्ट हाउसच्या ओट्यावर बैठक व्हायची. भिंतीवर रस्त्याचा नकाशा, प्रत्येक जोडीनं आपापलं वाचायचं. एक आणि दोन नंबरवाल्यांनी चितळ, रानडुक्कर वाचलं. तीन नंबरवाली पोरं उभी राहिली तर आनंदानं त्यांना बोलता येईना. बिबट्याची मादी आणि सोबत दोन पिल्लं, उताराच्या दिशेनं! टाळ्या पडल्या. मग आमचा नंबर. मी उठले आणि वाचलं, "चार नंबर, शून्य." नंतर पाच नंबर. बिबट्याची मादी, दोन पिल्लं, उताराच्या दिशेनं.

 दादांनी बिडी कानावरून काढली आणि नकाशाकडे बघत म्हणाले, "तो तीन से पाँच तक उड़ के गई क्या, बच्चों को बगल में दबा के?" सगळे हसले. मीही हसले, सगळ्यांत जास्त. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

कोऑर्डिनेटर मात्र हसली नाही. तिचे डोळे चमकले. ती उठून नकाशापाशी गेली आणि तीन आणि पाचच्या मध्ये खडूनं गोल काढला. इथे ती रस्ता सोडून गेली असणार, ती म्हणाली. इथे खाली नाला आहे, दगड आहेत, कपारी आहेत. म्हणजे पिल्लांची जागा इथेच कुठेतरी असणार! उद्याचं बाकी सगळं रद्द. जनावरांचे फोटो आपोआप काढायला पाणवठ्यावर लावलेले कॅमेरे काढून नाल्यात लावू, सगळ्यांनी सोबत चलायचं. पोरं उड्या मारायला लागली. माझ्या एका शून्यानं तिथे गुहा तयार झाली होती.

दादांनी हात वर केला. "बच्चे वाली है, मैडम. ऐसे झुंड लेके नहीं जाते. अभी उजाला है, पहले मैं अकेला उतरूँगा, देख के आऊँगा."

पासष्टीचा माणूस, हातात नुसती काठी, आणि काटेरी नाल्यात एकटा उतरणार. बिबट्याची मादी तिथे नाही हे फक्त आम्हा दोघींना ठाऊक. खरं म्हणजे तेही ठाऊक नव्हतं. आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं, तेच तर होतं! मी पोरीकडे बघितलं. तिनं मान अगदी थोडी हलवली. नको. तिचे डोळे मी आयुष्यात विसरणार नाही. होस्टेल, कोचिंग, सगळं होतं त्यात. क्षणभर वाटलं, उद्या सकाळी सांगू, आता नको. मग दादांनी उठून काठी तपासायला घेतली.

मी उभी राहिले. "कोई कहीं नहीं जाएगा," मी म्हटलं, आणि आवाज वर्गातला निघाला. "वह सड़क से ही गई है. मैंने सुबह पट्टी झाड़ दी थी. पढ़ने से पहले."

कोणाला हसू फुटलं, कोण म्हणालं, "अरे आंटी!" कोऑर्डिनेटरनं हात करून सगळ्यांना गप्प केलं. "और शून्य?"

"शून्य मैंने लिखा."

"मैंने बोला था लिखने को," शेजारून आवाज आला. पोरगी उभी होती.

"खाली बस," मी दात-ओठ खाऊन म्हटलं.

"नाही बसत."

"बस म्हणते ना!"

"नहीं बैठूँगी काकू, मैंने ही बोला था!" आणि ती रडायला लागली. मला तिचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की काय करावं सुचेना. तिला खांद्याला धरून खाली दाबलं आणि मीही तिच्या शेजारी बसले.

कोऑर्डिनेटरनं आमची वही आणि पेन्सिल आणून समोर ठेवली. मी त्या गोल शून्यावर एक रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, "पट्टी चुकीनं सकाळी झाडली. पाहिलं नाही. कोपऱ्यात अर्धा ठसा होता, मोजला नाही." पोरीनं त्याखाली स्वतःहून एक ओळ लिहिली, "शून्य लिखने को मैंने बोला था," आणि वही मिटली. नाला रद्द झाला. दादा काठी टेकवून निघून गेले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पट्टी झाडत असताना ते बाजूला उकिडवे बसले आणि म्हणाले, "बहनजी, झाड़ू से तो गलती सबसे होती है. मैंने खुद दो बार झाड़ी है." एवढंच बोलून बिडी पेटवली. शून्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, ते मला बरोबर समजलं.

यादीच्या आदल्या दिवशी मी कोऑर्डिनेटरकडे गेले. आयुष्यात कोणाच्या मार्कांसाठी शब्द टाकला नव्हता, माझ्या मुलाच्यासुद्धा नाही. म्हटलं, हात माझा होता, ती एकोणीसची आहे आणि मी बासष्टची, अक्कल कोणाला असायला पाहिजे होती? मला काढा, तिला काढू नका. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आंटी जी, वहाँ वो अकेली बैठेगी, एक पेड़ के नीचे, सुबह से शाम. कोई चेक करने वाला नहीं. वो जो लिखेगी, हमको वही मानना है. उसका शून्य मैं कैसे मानूँ?"  मी तीस वर्षं उत्तरं दिलेली बाई, तशीच उठून आले.

यादी लागली. पोरीचं नाव होतं, बहुधा तिनं स्वतःहून लिहिलेल्या त्या ओळीमुळे. माझं नव्हतं.

मला अपेक्षित होतं, तरी मी स्वयंपाकघरामागे जाऊन चांगली रडले. वर्षावन बघायचं होतं हो मला. पोरगी शोधत आली आणि म्हणाली, "तुम्ही नाही तर मी पण नाही जाऊन राहिली."

रडणं गेलं कुठच्या कुठे. "काहून?" मी ओरडले. "माझ्यावर उपकार करून राहिली का? अक्कल गहाण टाकली काय? जा, बॅग भर! आणि मोजे जास्त घे, तिथे जळवा आहेत!" ती माझ्या गळ्यात पडली. एकदा वाकून पाया पडली, एकदा परत गळ्यात पडली, मग मी तिच्या बॅगेत माझे नवे मोजे कोंबले.

मी घरी आले. यांनी संध्याकाळी खोवा जलेबी, आमची ती खव्याची जिलबी, आणली. पुढल्या बॅचला पट्टी शिकवायला याल का म्हणून कोऑर्डिनेटरचा फोन आला तेव्हा मी आधी भाव खाल्ला आणि मग हो म्हटलं. दादांनी सुचवलं होतं म्हणे.

पोरीचा फोन क्वचितच लागायचा, तिथे रेंज नाही. दीड महिना झाला असेल. एका दुपारी कोऑर्डिनेटरनं मोबाइलवर एक फोटो पाठवला. सोबत एक शब्द नाही. वहीचं पान, ओलं होऊन सुकलेलं, पेन्सिलीचं अक्षर. मी चष्मा लावला. घरट्याचा नंबर, तारीख, पावसाची खूण. सहा दहा, नर आला, फळं भरवली. सहा चाळीस, नर आला. सात, नर नाही, शून्य. आणि त्याखाली, तितक्याच स्वच्छ अक्षरात: "सात बीस से आठ पाँच. नींद लग गई. नहीं देखा."

पुढे परत आठ पाचपासून सगळं नीट लिहिलेलं.

मी ते पान मोठं करून वाचलं, परत वाचलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि हसूही आवरेना. हे चहा घेऊन आले, त्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून फोटो वाचला. "पोरगी पाऊण तास झोपली," ते म्हणाले, "अन् तू काय हसून राहिली?"

मी म्हटलं, "अहो, लिहिलंय ना तिनं."